अस्वलांच्या मुलखात कॅम्परव्हॅन आणि पायवाटा: कॅनेडियन रॉकीजसाठी सविस्तर मार्गदर्शन

कॅनडाच्या अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांच्या सीमेवर बँफ, जॅस्पर, योहो आणि कूटनी ही चार राष्ट्रीय उद्याने एकमेकांना लागून पसरलेली आहेत. १८८५ साली राखीव झालेले बँफ हे त्यांतले सर्वांत जुने. लेक लुईसपासून जॅस्पर गावापर्यंत जाणारा सुमारे २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे याच डोंगररांगांमधून जातो, आणि कॅम्परव्हॅनने फिरणाऱ्यांचे मुक्काम व पदभ्रमण बहुधा त्याच्याच आसपास होते. हा मुलूख ग्रिझली आणि काळे अस्वल या दोन्ही जातींचा आहे. एकट्या बँफमध्ये साधारण ६५ ग्रिझली असल्याचे मानले जाते. आकडा लहान वाटतो. पण उंच खडकाळ शिखरांच्या मध्ये असलेले दऱ्यांचे तळ अस्वलांना जसे सोयीचे, तसेच रस्ते, रेल्वे, गावे आणि कॅम्पग्राउंड यांनाही सोयीचे, त्यामुळे दोघांची गाठ पडण्याचा संभव आकड्यावरून वाटतो त्याहून अधिक असतो.

माणूस आणि अस्वल यांच्यातले बहुतेक वाईट प्रसंग दोन कारणांनी घडतात. एक म्हणजे अस्वलाला माणसाची चाहूल न लागता दोघे अगदी जवळून अचानक समोरासमोर येणे, आणि दुसरे म्हणजे माणसाच्या अन्नाची अस्वलाला चटक लागणे. पहिले कारण पायवाटेवरचे आहे आणि दुसरे मुख्यतः मुक्कामाच्या जागेचे. पुढे दिलेली प्रत्येक सूचना या दोहोंपैकी एका कारणाला आवर घालण्यासाठी आहे. कॅम्परव्हॅन हे एकाच वेळी स्वयंपाकघर, कोठार, शयनगृह आणि वाहन असल्यामुळे अस्वलांपासूनच्या सुरक्षिततेचे निम्मे काम पायवाटेवर पाऊल ठेवण्याआधी व्हॅनपाशीच होते, असे माझे मत आहे. नवे प्रवासी मात्र सगळी चिंता अस्वलावर मारायच्या तिखट स्प्रेच्या डब्याची करतात आणि व्हॅनच्या मागच्या दारात उघडी राहिलेली कचऱ्याची पिशवी विसरतात.

सहलीची आखणी: ऋतू, वाटा आणि मुक्काम

अस्वले नसतील असा महिना शोधू नये, कारण पायी फिरता येण्याजोग्या काळात तसा महिना नसतो. बदलते ती फक्त त्यांची जागा. नर ग्रिझली मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये गुहेतून बाहेर पडतात, तर पिल्ले असलेल्या माद्या त्यांच्यामागून, साधारण मेपर्यंत निघतात. त्या वेळी उंचावर बर्फ असतो, म्हणून अस्वले दऱ्यांच्या तळाशी, उन्हाकडे तोंड असलेल्या उतारांवर आणि रस्त्याकडेच्या कोवळ्या गवतात व डँडेलियन नावाच्या रानफुलांत चरताना दिसतात. उंचावरच्या खिंडींच्या वाटा जुलैच्या सुरुवातीपर्यंत बर्फाखाली राहू शकतात, म्हणजे जूनमध्ये येणारा पर्यटकही नाइलाजाने त्याच खालच्या वाटांवर चालत असतो. जुलैच्या मध्यापासून बफलोबेरी नावाच्या झुडपाची लाल फळे पिकू लागतात, आणि एक ग्रिझली दिवसाला सुमारे २,००,००० फळे खाऊ शकते असे कॅनडाचे उद्यान खाते सांगते. तोंड झुडपात घालून इतक्या एकाग्रतेने खाणाऱ्या प्राण्याला येणाऱ्याची चाहूल उशिरा लागते, ही गोष्ट त्या आठवड्यांत वाट निवडताना ध्यानात ठेवावी. पुढे सप्टेंबरमध्ये हिवाळ्यासाठी चरबी साठवण्याची घाई सुरू होते आणि अस्वल दिवसाचा मोठा भाग खाण्यातच घालवते.

काही वाटांवर ठरावीक काळात किमान चार जणांनी, तेही एकमेकांना सोडून न जाता, चालण्याची कायदेशीर सक्ती केली जाते. मोरेन लेक परिसरातील लार्च व्हॅली, सेंटिनेल पास, पॅरडाइज व्हॅली आणि कॉन्सोलेशन लेक्स या वाटांवर हा निर्बंध वरचेवर लागू असतो. कॅम्परव्हॅनमध्ये बहुधा दोघेच असतात, त्यामुळे हा नियम त्यांच्या बेतावर थेट पाणी फिरवू शकतो. अशा वेळी वाटेच्या सुरुवातीला थांबून दुसऱ्या जोडीला सोबत घेण्याची पद्धत तिथे सर्रास आहे आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही; मात्र गट एकदा जमला की परत येईपर्यंत तो टिकला पाहिजे, म्हणून चालण्याचा वेग आणि परतीची वेळ आधीच बोलून घ्यावी. शिवाय २०२३ पासून मोरेन लेकचा रस्ता खासगी वाहनांना बंद आहे. व्हॅन लेक लुईसच्या बाजूला ठेवून शटल बसने वर जावे लागते, आणि व्हॅनमध्ये विसरलेला स्प्रे किंवा उबदार कपडा आणायला परतणे शक्य होत नाही.

मुक्कामाचे आरक्षण करताना व्हॅनच्या भिंती कशाच्या आहेत हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लेक लुईसला दोन वेगळे कॅम्पग्राउंड आहेत: तंबू व कापडी भिंतींच्या वाहनांसाठी विजेच्या कुंपणाने वेढलेले एक, आणि टणक भिंतींच्या वाहनांसाठी कुंपणाबाहेरचे दुसरे. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातल्या फिशिंग ब्रिज येथे तर ग्रिझलींच्या वावरामुळे टणक भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश आहे. छत वर उचलल्यावर ज्यांच्या बाजूंना कापड येते अशा व्हॅन दिसायला टणक असल्या तरी त्या कोणत्या गटात मोजल्या जातील, हे आरक्षणाआधी विचारून घ्यावे. दिवस मावळल्यावर वाटेच्या तोंडाशी असलेल्या वाहनतळावर किंवा रस्त्याकडेच्या थांब्यावर झोपण्यास राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे, म्हणून ऐन वेळी कुठेतरी व्हॅन लावू या भरवशावर राहू नये.

व्हॅन ताब्यात घेताना

भाड्याच्या पुष्कळ व्हॅनमध्ये स्वयंपाकाची मांडणी मागच्या दारात असते. दार वर उचलायचे, शेगडी ओढायची आणि बाहेर उभे राहून रांधायचे. ही रचना हवेशीर असते, पण तिच्यामुळे भांडी, तेल, मसाले आणि कचरा बाहेर राहून जाण्याची सवय लागते. म्हणून व्हॅन घेताना खिडक्या, दारे आणि छतावरची झडप पूर्ण बंद होतात का, मध्यवर्ती कुलूप सगळ्या दारांना लागते का आणि खाण्याचे सामान एका खेपेत उचलून आत ठेवता येईल अशी झाकणाची पेटी आहे का, हे पाहून घ्यावे. अस्वल ओढायच्या मुठीचे बिनकुलपी दार उघडू शकते. तेव्हा व्हॅनमध्ये झोपतानाही कुलूप लावलेले असावे.

अस्वलाच्या जाती ओळखणे

रंगावरून अस्वल ओळखू नये. काळ्या अस्वलांमध्ये तपकिरी आणि दालचिनी रंगाची अस्वलेही असतात, आणि ग्रिझली फिकट सोनेरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत कोणत्याही रंगाची असू शकते. ग्रिझलीच्या खांद्यावर स्नायूंचा ठळक उंचवटा असतो, चेहरा बाजूने पाहिल्यास खोलगट दिसतो, कान लहान व गोलसर असतात आणि पुढच्या पंजाची नखे लांब असतात. काळ्या अस्वलाला तो उंचवटा नसतो, कपाळापासून नाकापर्यंतची रेघ बरीचशी सरळ असते, आणि कान तुलनेने मोठे व उभे दिसतात. प्रत्यक्ष प्रसंगी जातीपेक्षा अस्वल कसे वागते आहे हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते, त्यामुळे ओळख पटली नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

बेअर स्प्रे: विकत घेणे, बाळगणे, सराव

बेअर स्प्रे म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याचा दाबाखाली भरलेला फवारा. तो विमानात ना हातातल्या सामानात नेता येतो ना खाली चढवायच्या बॅगेत, म्हणून विमानातून उतरल्यावर स्थानिक दुकानातूनच घ्यावा लागतो. डब्यावर तो अस्वलांसाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे का आणि वापराची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे; माणसांपासून बचावासाठी विकले जाणारे लहान फवारे इथे निरुपयोगी आहेत. डबा किमान २२५ ग्रॅमचा असावा. फवारा साधारण ७ ते ९ मीटरपर्यंत जातो आणि पूर्ण दाबल्यास काही सेकंदांतच संपतो. प्रत्येक प्रौढ व्यक्तीकडे स्वतःचा डबा असावा, कारण दोघांत एक डबा असेल तर अस्वल नेमके दुसऱ्याच्या बाजूने येण्याची शक्यता उरते.

अलास्कातील प्रसंगांचा अभ्यास करून टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे (ग्रिझली याच जातीत मोडते) नको ते वर्तन ९२ टक्के प्रसंगांत थांबले आणि फवारा वापरलेल्या जवळच्या गाठींमध्ये ९८ टक्के माणसांना इजा झाली नाही. हा परिणाम फवारा हाताशी असेल तरच मिळतो. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेला डबा म्हणजे नसलेला डबा. तो कमरेच्या पट्ट्यावर किंवा छातीवरच्या म्यानात, एका हाताने निघेल असा असावा. चालायला सुरुवात करण्यापूर्वी म्यानातून डबा काढणे, अंगठ्याने सुरक्षा-खटका मागे ओढण्याची जागा चाचपणे आणि पुन्हा ठेवणे, हा सराव खटका न काढता रोज करावा. शक्य असल्यास सरावासाठी मिळणारा तिखट नसलेला डबा एकदा वापरून पाहावा.

व्हॅनमध्ये हा डबा जपून ठेवावा लागतो. उन्हात उभ्या वाहनाचे तापमान इतके वाढू शकते की सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पुढे डबा फुटण्याचा धोका असतो. आणि बंद व्हॅनमध्ये चुकून फवारा सुटला, तर ती व्हॅन पुढे कितीतरी वेळ राहण्याजोगी उरत नाही. म्हणून डॅशबोर्डवर किंवा चालकाशेजारी मोकळा न ठेवता तो सावलीच्या कप्प्यात, खटका जागेवर असल्याची खात्री करून ठेवावा. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा: हा फवारा डास पळवण्याच्या मलमासारखा अंगावर, सॅकवर किंवा व्हॅनभोवती मारायचा नसतो. सुकलेल्या फवाऱ्याचा वास उलट अस्वलाला कुतूहलाने जवळ ओढू शकतो.

व्हॅनपाशी पाळायची शिस्त

हे नियम इतके कडक का झाले, यामागे इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मोठ्या काळात यलोस्टोनमध्ये कचऱ्याच्या उकिरड्यांवर अस्वले जमत आणि पर्यटक ती गंमत म्हणून पाहत. १९६७ सालच्या ऑगस्टमध्ये मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींचा बळी घेतला. दोन्ही ठिकाणची अस्वले माणसाच्या अन्नाला आणि कचऱ्याला सोकावलेली होती. त्यानंतर कचऱ्याची व्यवस्था मुळापासून बदलली, यलोस्टोनमधले उकिरडे १९७० च्या सुमारास बंद झाले, आणि अस्वलाला न उघडणाऱ्या झाकणांच्या कचरापेट्या हळूहळू सगळीकडे आल्या. आज बँफ किंवा जॅस्परमधल्या पेटीचा खटका मुठीच्या आत बोट घालून दाबावा लागतो, तो यासाठीच.

या उद्यानांतल्या कॅम्पग्राउंडवर जागा ‘उघडी’ ठेवण्याचा नियम आहे. याचा अर्थ असा की वापर चालू नसेल तेव्हा बाहेर अन्नाचा किंवा वासाचा एकही जिन्नस राहता कामा नये. यात फक्त भाजी-भाकरी येत नाही. शीतपेटी रिकामी असली तरी ती येते, शेगडी येते, खरकटी आणि घासलेली भांडी येतात, पाण्याखेरीज पेयांच्या बाटल्या व डबे येतात, कुत्र्याचे अन्न व त्याची थाळी येते, भांडी घासण्याचा स्पंज, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन आणि ओठांचे मलमही येते. पाच मिनिटांसाठी प्रसाधनगृहात जाताना टेबलावर मागे राहिलेली बिस्किटे याच नियमात बसतात. कर्मचारी फेऱ्या मारतात, आणि जागा तशीच सोडलेली आढळली तर मुक्कामाचा परवाना रद्द होऊ शकतो. वन्यप्राण्यांना खाऊ घालणे किंवा अन्नाने आकर्षित करणे यासाठी कायद्यात २५,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याहून मोठी किंमत अस्वल मोजते: माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला दूर नेऊन सोडले तरी ते बहुधा पुन्हा वस्तीकडे वळते आणि शेवटी अनेकदा मारावे लागते.

प्रत्यक्षात हे सोपे करण्यासाठी संध्याकाळचा एक क्रम ठरवावा. मुक्कामाला पोहोचल्यावर पहिल्यांदा सभोवती फिरून आधीच्या लोकांनी काही टाकले आहे का ते पाहावे. चुलीत जळालेले अन्न, टेबलाखाली पडलेले शेंगदाणे हेही उचलावे. जेवण उजेडात उरकावे. उरेल इतके रांधू नये, कारण उरलेले अन्न ही व्हॅनमधली सर्वांत अवघड वस्तू असते. भांडी घासण्याचे पाणी जमिनीवर किंवा झुडपात ओतू नये. गाळणीतून खरकटे वेगळे करून ते कचऱ्यात टाकावे आणि पाणी नेमून दिलेल्या बेसिनमध्ये ओतावे. व्हॅनच्या टाकीतले सांडपाणी तर केवळ नेमलेल्या निचरा-केंद्रावरच सोडायचे असते. कचरा झोपण्यापूर्वीच पेटीत टाकून यावा. रात्री व्हॅनच्या पायरीवर किंवा आरशाला पिशवी टांगून ठेवण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती इथे पूर्णपणे वर्ज्य आहे. शेवटी शेगडी आणि अन्नाची पेटी आत घेऊन दारे, खिडक्या लावाव्यात. छत कापडी असेल तर अन्न त्या कापडापासून दूर, खालच्या बंद कपाटात ठेवावे, आणि पावसामुळे व्हॅनच्या आत रांधावे लागले तर खिडक्या उघड्या ठेवूनच रांधावे, कारण बंद व्हॅनमधल्या गॅसच्या धुरापासूनचा धोका अस्वलापेक्षा कितीतरी जवळचा असतो.

अन्न रात्री टणक भिंतीच्या वाहनात ठेवणे इथे मान्य असले तरी तो नियम सर्वत्र सारखा नाही. कॅलिफोर्नियातील योसेमिटीमध्ये काळी अस्वले गाड्यांची दारे वाकवून आत शिरण्यात तरबेज झाल्याने अंधार पडल्यावर साध्या गाडीत अन्न ठेवण्यास मनाई आहे आणि लोखंडी पेटी वापरावी लागते; त्याच उद्यानात बेअर स्प्रेही चालत नाही. म्हणून एका उद्यानात शिकलेली पद्धत दुसऱ्यात गृहीत न धरता प्रवेशद्वारावर मिळणारे पत्रक वाचावे.

रस्त्यावर दिसलेले अस्वल

पुष्कळांना सहलीतले पहिले अस्वल व्हॅनच्या काचेतून दिसते. त्या वेळी गाडी शक्यतो थांबवूच नये. वेग कमी करून, पाहून पुढे जावे. थांबायचेच असेल तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला, सुरक्षित जागी, थोडाच वेळ थांबावे, आणि खाली मात्र कधीही उतरू नये. काही पट्ट्यांवर थांबण्यासच बंदी असते. बँफमधून जाणाऱ्या ट्रान्स-कॅनडा महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि प्राण्यांना रस्ता ओलांडण्यासाठी झाडाझुडपांचे पूल व भुयारी वाटा केल्या आहेत. या योजनेने तिथले अपघात खूपच घटले. आइसफील्ड्स पार्कवेला तसे कुंपण नाही, म्हणून तिथे पहाटे आणि संध्याकाळी व्हॅन चालवणे टाळलेले बरे. पायी असताना अस्वले, लांडगे आणि पुमा यांच्यापासून किमान १०० मीटर, आणि हरीण तसेच एल्क, मूस या हरणांच्या मोठ्या जाती यांच्यापासून ३० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. सप्टेंबरमध्ये माजावर आलेला नर एल्क कॅम्पग्राउंडच्या मधोमध फिरतो, आणि अस्वलाच्या भीतीने सावध असलेली माणसे त्याच्याकडे मात्र बेफिकिरीने कॅमेरा घेऊन जातात.

निघण्याच्या दिवशी

सकाळी वाटांचा अहवाल पाहावा. अहवालात ‘इशारा’ आणि ‘बंदी’ हे दोन वेगळे शब्द असतात: इशारा म्हणजे त्या भागात अस्वलाचा वावर असून अधिक सावधपणे जाता येईल, आणि बंदी म्हणजे प्रवेश पूर्ण निषिद्ध. वाटेच्या तोंडाशी लावलेला फलकही वाचावा, कारण तो रात्रीतून बदललेला असू शकतो. पार्कवेच्या बहुतेक लांबीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कोणती वाट, किती जण आणि परतीची वेळ ही माहिती कोणाला तरी देऊन ठेवावी, आणि दूरच्या वाटांवर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र बाळगावे.

वाहनतळावर व्हॅन सोडतानाही रात्रीचीच शिस्त लागू होते: अन्न नजरेआड, काचा पूर्ण बंद, कुलूप लावलेले. डब्यातले जेवण घट्ट झाकणाच्या पेटीत घ्यावे आणि फळांच्या साली, बिया यांसह सगळा कचरा परत आणावा. कपड्यांविषयी एवढेच सांगणे पुरे की जुलैतही खिंडीत बर्फ पडू शकतो आणि दुपारनंतर वीज कडाडू शकते. लवकर निघावे, पण पहाटेच्या अंधारात नव्हे. पहाट आणि संध्याकाळ या वेळा अस्वलांच्या हालचालीच्या असतात, आणि रात्री चालणे टाळावे.

वाटेवर चालताना

मुख्य नियम असा की अस्वलाला आपली चाहूल दुरून लागली पाहिजे. बहुतेक अस्वले माणूस येतो आहे हे कळल्यास स्वतःहून बाजूला होतात. सॅकला बांधायच्या घुंगरासारख्या छोट्या घंटा दुकानांत विकल्या जातात, पण त्यांचा आवाज पुरेसा दूर जात नाही. माणसाचा मोठा आवाज आणि टाळ्या हेच खरे साधन. अधूनमधून मोठ्याने ओरडावे, आणि मधल्या वेळात गप्पा चालू ठेवाव्यात. अस्वलाला भाषेशी कर्तव्य नसते, त्यामुळे गप्पा मराठीत असल्या तरी काम भागते. कानात इअरफोन घालू नयेत.

कुठे जास्त आवाज करायचा हे समजणे महत्त्वाचे आहे. खळाळत्या ओढ्याजवळ, समोरून वारा येत असताना, वळणापलीकडचे दिसत नसताना, दाट झुडपांत आणि फळे लगडलेल्या बफलोबेरीच्या पट्ट्यात आवाज वाढवावा, आणि उघड्या कुरणात दूरवर दिसत असताना तो कमी केला तरी चालतो. वारा पाठीमागून असेल तर वास पुढे जातो आणि काम हलके होते. उतारावरून धावणे किंवा सायकलने वेगात उतरणे अशा जागी धोक्याचे असते, कारण वेग वाढतो तसा अस्वलाला सावध होण्यास वेळ उरत नाही.

खुणा वाचायला शिकावे. बेरीच्या बियांनी भरलेली ताजी विष्ठा, उलटे केलेले दगड व ओंडके, मुळांसाठी किंवा बिळातल्या खारींसाठी नांगरल्यासारखी उकरलेली जमीन, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे आणि अडकलेले केस या खुणा ताज्या दिसल्या तर थांबून विचार करावा, मागे फिरण्यास कमीपणा मानू नये. कावळे आणि मॅगपाय एका जागी घिरट्या घालत असतील किंवा कुजल्याचा वास येत असेल, तर तिथे मेलेला प्राणी असण्याची शक्यता आहे. अस्वल अशा मढ्याचे जोरात रक्षण करते, म्हणून लगेच आल्या वाटेने परतावे आणि उद्यान कर्मचाऱ्यांना कळवावे. लहान मुले गटाच्या मध्यभागी असावीत. कुत्रा कायम पट्ट्यावर असावा. मोकळा कुत्रा अस्वलाला डिवचतो आणि मग त्यालाच मागे घेऊन मालकाकडे धावत येतो. मुळात ज्या वाटांवर ग्रिझली वारंवार दिसतात तिथे कुत्रा व्हॅनमध्येही न ठेवता त्या दिवशी दुसरी वाट निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण उन्हातल्या बंद व्हॅनमध्ये कुत्रा ठेवता येत नाही.

अस्वल समोर आल्यास

अस्वलाने अजून पाहिलेले नसेल तर आवाज न करता, त्याच्याकडे लक्ष ठेवून मागे सरावे आणि मोठा वळसा घ्यावा किंवा परतावे. त्याने पाहिले असेल तर सर्वांत आधी थांबावे. धावू नये, अस्वल ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते आणि धावणाऱ्यामागे लागणे ही त्याची उपजत सवय आहे. झाडावर चढणे हाही उपाय नव्हे, कारण काळे अस्वल उत्तम चढते आणि ग्रिझलीही चढू शकते. गटाने एकत्र यावे, मुलांना उचलून घ्यावे, सॅक पाठीवरच ठेवावी, स्प्रे हातात घेऊन खटका काढावा आणि शांत, खालच्या आवाजात बोलत राहावे. त्यावरून अस्वलाला समोर माणूस आहे आणि तो धोका नाही हे कळते. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले तर ते बहुधा नीट पाहण्यासाठी आणि वास घेण्यासाठी. तो हल्ला नव्हे.

यानंतर त्याचे वर्तन पाहावे. दचकलेले, पिल्लांसोबत असलेले किंवा मढ्याचे रक्षण करणारे अस्वल फुसफुसते, दात वाजवते, जमिनीवर पंजा आपटते, कान मागे टाकते. असे अस्वल भ्यालेले असते आणि त्याला फक्त अंतर हवे असते. हळूहळू, तिरके मागे सरावे. ते हुलकावणीची धाव घेऊन अगदी जवळ येऊन थांबू शकते किंवा बाजूने निघून जाऊ शकते. त्या क्षणी पाय जमिनीला खिळवून ठेवणे सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक असते. याउलट अस्वल शांतपणे, कान पुढे करून, नजर न काढता मागे येत असेल, वाट सोडून दिल्यावरही येत असेल, तर ते बचाव करत नसून पारख करते आहे. इथे सूर बदलावा: आवाज चढवावा, अंग मोठे दिसेल असे उभे राहावे, काठी किंवा दगड हाती घ्यावा आणि मागे हटणे थांबवावे.

धाव घेणारे अस्वल साधारण ९ ते १० मीटरवर आल्यावर फवारा सोडावा. नेम त्याच्या चेहऱ्याच्या किंचित खाली, जमिनीकडे ठेवावा, म्हणजे धावत येणारे अस्वल फवाऱ्याच्या ढगातून येते. आधी एक-दोन सेकंदांचा फवारा मारून उरलेला राखावा आणि अस्वल वळले नाही तर पुन्हा मारावा. समोरून वारा असेल तर थोडा फवारा स्वतःच्याही डोळ्यांत जाईल, तरी थांबू नये. अस्वल वळताच त्या जागी न रेंगाळता निघावे.

फवारा कमी पडला आणि बचावाच्या हेतूने चवताळलेल्या अस्वलाने, विशेषतः ग्रिझलीने, गाठलेच तर मेल्याचे सोंग घ्यावे: पोटावर पालथे पडून, पाय फाकवून, बोटे मानेमागे गुंफून, सॅक पाठीवर ठेवून निपचित राहावे. ते उलटवू लागले तर गडगडून पुन्हा पालथे व्हावे, आणि ते दूर गेल्यावरही लगेच उठू नये. असा हल्ला सहसा दोन मिनिटांच्या आत संपतो. तो त्याहून लांबला, किंवा अस्वल मुळात माग काढत आले असेल, किंवा रात्री कापडी छतावर झडप घातली असेल, तर सोंग सोडून मिळेल त्या वस्तूने त्याच्या तोंडावर आणि नाकावर वार करत लढावे. काळ्या अस्वलाने अंगावर येऊन पकडले तरीही लढणेच योग्य मानले जाते.

परत व्हॅनकडे

अस्वल दिसले असेल तर ठिकाण, वेळ, रंग, पिल्ले होती का आणि ते कसे वागले, ही माहिती उद्यानाच्या केंद्रात किंवा आपत्कालीन क्रमांकावर कळवावी. दुसऱ्या दिवशीचे इशारे अशाच नोंदींवरून ठरतात. ठिकाणाची अचूक जागा समाजमाध्यमांवर मात्र टाकू नये, कारण दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते आणि शेवटी त्रास अस्वलालाच होतो.

सहल संपताना स्प्रेचा प्रश्न उरतो. तो विमानात नेता येत नाही आणि साध्या कचरापेटीत टाकणेही योग्य नाही, कारण दाबाखालचा भरलेला डबा कचरा दाबणाऱ्या यंत्रात फुटतो. व्हॅन भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे किंवा उद्यानाच्या माहिती केंद्रात परत घेण्याची सोय आहे का ते आधी विचारावे, आणि नसल्यास गावातल्या धोकादायक कचरा संकलन केंद्रावर तो द्यावा. न वापरलेला, मुदतीतला डबा पुढच्या प्रवाशाला देणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे; देताना खटका कसा निघतो ते त्याला एकदा दाखवावे.